डोडोनंतर मॉरिशसमध्ये कोण उरले?

मॉरिशसच्या राजचिन्हावर ढालीच्या दोन बाजूंना दोन प्राणी आहेत, डोडो आणि हरीण. यांतला डोडो साडेतीनशे वर्षांपूर्वीच नामशेष झाला. हरीण मुळात या बेटाचे नाहीच, डचांनी ते १६३९ मध्ये जावाहून आणून सोडले. बेटावरच्या वन्यजीवांचे नशीब ठरवले ते असे जहाजांतून उतरलेल्या प्राण्यांनी.

माणूस पोचण्यापूर्वी हिंदी महासागरातल्या या ज्वालामुखी बेटावर मांजर, उंदीर, माकड यांपैकी काहीच नव्हते. जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळे. शत्रूच नसल्याने काही पक्ष्यांनी उडणे सोडले. डोडो हा कबुतरांच्या कुळातला. त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग म्हणजे निकोबारी कबुतर. १५९८ मध्ये डच उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली आणि डोडो पाहिल्याची सर्वमान्य अखेरची नोंद आहे १६६२ ची. खलाशांनी मारून खाल्ला म्हणून तो संपला, असे सर्रास सांगितले जाते. शिकार झाली हे खरे, पण खरा घात केला तो जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. घरटे जमिनीवर आणि जुन्या वर्णनांनुसार अंडे एकच. ते खाल्ले की त्या विणीचे सगळेच संपले. या पक्ष्याला मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्या शत्रूशी हजारो वर्षांत कधी गाठच पडली नाही, त्याला तो ओळखणार कसा?

आपल्याकडेही डोडो आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जहांगीराच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. डोडोच्या मोजक्या विश्वासार्ह चित्रांत त्याची गणना होते.

डच १७१० मध्ये गेले, पण तोवर आबनुसाची बरीच झाडे तोडून झाली होती. मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले आणि उसाने जंगल गिळले. या मळ्यांत राबायला १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. गणेश चतुर्थीला तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते. भारतातून प्राणीही गेले. टोळधाडीवर उपाय म्हणून फ्रेंचांनी साळुंक्या नेल्या, तर १९०० च्या सुमारास उंदरांच्या बंदोबस्तासाठी मुंगसे सोडली गेली. मुंगसाने उंदरांबरोबर पक्षीही मारले.

मॉरिशसचा छोटा ससाणा, केस्ट्रेल, हा जंगलात पाली टिपून जगणारा पक्षी. तोडलेले जंगल, मुंगसे-माकडे आणि हिवतापाच्या डासांवर फवारलेले डीडीटी हे कीटकनाशक यांच्या कचाट्यात सापडून १९७४ मध्ये त्याचे जंगलातले ज्ञात पक्षी उरले अवघे चार. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचे नाव झाले. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा तरुण वेल्श जीवशास्त्रज्ञ तिथे गेला. निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांच्या जर्सी बेटावरच्या वन्यजीव संवर्धन संस्थेचे पाठबळ होते. त्याची पद्धत चिकाटीची होती. कड्याच्या कपारीतल्या घरट्यातून पहिली अंडी उचलायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. उचललेली अंडी उबवणी यंत्रात ठेवायची, पिल्ले हाताने भरवून वाढवायची आणि पंखांत बळ आले की रानात सोडायची. सोडल्यानंतरही पांढरे उंदीर पुरवत राहायचे. पुढे संख्या शेकड्यांत गेली. मात्र नंतर ती पुन्हा घटली आणि २०१४ मध्ये या ससाण्याला परत संकटग्रस्त गटात टाकावे लागले. राखणारे हात सैल पडले की काय होते, हे यावरून कळावे.

गुलाबी कबुतरे १९९० च्या आसपास रानात दहाएक उरली होती, आज ती शेकड्यांनी आहेत. आपल्या पोपटाचा भाऊबंद असलेला एको पोपटही असाच वाचला. जवळच्या राउंड बेटावर बकऱ्या-सशांनी झाडोरा फस्त केला होता. १९८६ पर्यंत दोन्ही हटवल्यावर तिथले सरडे-साप तगले, पण बिळात राहणारा बोआ साप १९७५ नंतर कोणालाच दिसला नाही.

सध्याचा वाद फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा आहे. लिची-आंब्याचे नुकसान होते, हे बागायतदारांचे गाऱ्हाणे खरे आहे. सरकारने २०१५ मध्ये सुमारे ३०,००० वटवाघळे मारली, पुढच्याही वर्षी मारली आणि २०१८ मध्ये ती संकटग्रस्त ठरली. मूळ जंगलातल्या अनेक झाडांच्या बिया आता हीच वटवाघळे पसरवतात. ते काम करणारी महाकाय कासवे केव्हाच संपली. फळझाडांवर जाळी टाकणे हा उपाय उपलब्ध आहे आणि सरकार जाळ्यांसाठी अनुदानही देत आले आहे. मारण्यापेक्षा तो पैसा जाळ्यांवरच घालावा, असे मला ठामपणे वाटते.