तपकिरी दिसलं की डायटम म्हणू नका, डायनो उपाशी मरत नाहीत

नवीन मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक, महिना-दीड महिना झालेला, रेतीवर तपकिरी थर. कुणालाही दाखवा, दुकानदाराला दाखवा नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमधल्या जाणकाराला, उत्तर ठरलेलं. डायटम आहे, खायला कमी घाला, पाणी बदला, फॉस्फेट रिमूव्हर टाका, आपोआप जाईल. घोडबंदरपासून खारघरपर्यंत हाच एक काढा सगळ्यांना पाजला जातो आणि खरंच डायटम असेल तर चालूनही जातं, कारण डायटम काही न करताही जातोच. पण तो थर डायनोफ्लॅजेलेटचा (थोडक्यात डायनो, हेही एकपेशीय जीव) असेल तर याच सल्ल्याने टँकची वाट लागते आणि मग लोक वैतागून टँक विकायला काढतात.

गोड्या पाण्याचे टँक केलेल्यांना डायटम माहीत आहे त्यामुळे तो पटकन उरकतो. सिलिकाचं कवच असलेली एकपेशीय अल्गी (शेवाळ), नवीन रेतीतून आणि पाण्यातून सिलिकेट मिळतं तोवर वाढते, संपलं की बसते. काचेवर, रेतीवर बारीक धुळीचा थर, मॅग्नेट फिरवला की साफ, ट्रोकस किंवा सेरिथ गोगलगायी ते आवडीने खातात. थोडा धीर धरा, झालं.

चार महिने झाले तरी जात नसेल तर टॉप-अपचं पाणी, म्हणजे वाफ होऊन कमी झालेलं भरून काढायला घालता ते, बघा. इथे माझं एक दुखणं आहे, ते म्हणजे 'घरी आरओ आहे ना' हे वाक्य. किचनमधल्या प्युरिफायरला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात परत थोडं नळाचं पाणी मिसळून देतात, प्यायला ठीक आहे, टँकला नाही. वर टीडीएस मीटर दाखवून लोक म्हणतात बघा किती कमी! अहो, तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि विरघळलेल्या सिलिकावर बहुतांश चार्जच नसतो, त्यामुळे ती मीटरला जवळजवळ दिसतच नाही. मोरबे धरणाचं पाणी असो नाहीतर भातसाचं, आरओच्या पुढे डीआय रेझिन (आरओमधून निसटलेले क्षार आणि सिलिका पकडणारे दाणे) लावा, विषय संपला.

आता डायनो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात ना, ती नॉक्टिल्युका, तीपण डायनोफ्लॅजेलेटच, आणि प्रवाळाच्या आत राहून त्याला पोसणारे झूझँथेलीही त्याच गटातले. म्हणजे सगळा गट वाईट नाही. टँकमध्ये त्रास देतात ते ऑस्ट्रिऑप्सिस, अँफिडिनियम, प्रोरोसेंट्रम, कूलिया वगैरे, आणि सुरुवातीला रंग डायटमसारखाच असल्याने घोटाळा तिथेच होतो.

रंग सोडा, वागणं बघा. सकाळी लाइट लागायच्या आधी टँक बऱ्यापैकी स्वच्छ, दुपार उलटेपर्यंत खडकावर शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबायला लागतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा अडकलेला. सायफनने ओढलं तर निघतं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत तितकंच. आणि गोगलगायी, ज्या डायटम फस्त करतात, त्या इथे सुस्त होऊन रेतीवर उलट्या पडलेल्या दिसल्या तर सावध व्हा, कारण ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असू शकतो. त्यामुळे पाईप तोंडाने ओढून सायफन सुरू करायची सवय आजच सोडा, हातात ग्लोव्ह्ज घाला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. (लालसर-जांभळा सलग पापुद्रा निघत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, ते ना डायटम ना डायनो, त्यावर आज बोलत नाही.)

तरीही खात्री नसेल तर घरच्या घरी टेस्ट करा. ड्रॉपर किंवा सिरिंजने तो शेंबूड थोडा ओढून घ्या, पारदर्शक बाटलीत टँकचंच पाणी घालून त्यात सोडा आणि मिनिटभर जोरजोरात हलवा, अगदी धागा उरता कामा नये. मग कॉफी फिल्टर पेपरमधून गाळा, रुमाल नको, तो फार जाड गाळतो. खाली आलेलं पाणी साधारण स्वच्छ दिसेल. ते टँकच्या लाइटखाली तासभर हात न लावता ठेवा. डायनो असतील तर पेपरमधून निसटलेल्या पेशी परत एकमेकींना चिकटतात आणि बाटलीत पुन्हा तेच तपकिरी धागे जमायला लागतात. डायटम असा परत जमत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा. आपण सगळे एकच गोष्ट शिकून आलोय की अल्गी म्हणजे जास्त खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा. हिरव्या हेअर अल्गीला हे लागू आहे. डायनोला बरोबर उलटं. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकले की बाकीची अल्गी आणि बॅक्टेरिया, जे रेती आणि खडकावर जागा अडवून बसलेले असतात, ते आधी उपाशी मरतात आणि रिकाम्या जागेवर डायनो पसरतात. काही डायनो प्रकाशावर जगतात आणि शिवाय बॅक्टेरियाही खातात, त्यामुळे तुम्ही पाणी जितकं चकाचक कराल तितका त्यांचा फायदा. जीएफओ (तोच फॉस्फेट रिमूव्हर) दुप्पट, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) फुल, माशांना एक दिवसाआड खाणं, आणि थर वाढतोय म्हणून परत जीएफओ, हे चक्र मी ज्याच्या त्याच्याकडे बघतो आणि टेस्ट किटवर दोन्ही शून्य आले म्हणून माणूस वर खुश असतो!

छोट्या टँकमध्ये हे जास्त होतं कारण पन्नास-साठ लिटरमध्ये एक पिशवी जीएफओ फॉस्फेट बघता बघता संपवते. त्यात आपण ड्राय रॉकने, म्हणजे जीव नसलेल्या कोरड्या खडकाने, सुरुवात करतो. ते बरोबरच आहे, प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत आणि समुद्रातून उचलून आणणं गुन्हा आहे, पण ड्राय रॉकवर जागा अडवायला कुणीच नसतं, आणि तो खडक स्वतःच फॉस्फेट शोषतो.

म्हणून डायनो नक्की झाले की जीएफओ काढा, खाणं नीट घाला, वॉटर चेंज थोडे दिवस थांबवा कारण नव्या सॉल्टबरोबर येणारे ट्रेस एलिमेंट त्यांना चालतात, आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असं ठेवा. एकदम नाही, हळूहळू. आज फॉस्फेट वाढवलं आणि उद्या किटवर परत शून्य आलं तर गोंधळू नका, खडकाने खाल्लं, रोज मोजत राहा. एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधली मूठभर रेती मिळाली तर सोनं, त्यात जागा अडवणारे जीव असतात. पण जीव हवेत म्हणून खाडीचं पाणी आणू नका. ठाणे खाडी २०२२ पासून रामसार स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, ऐरोलीला जाऊन फ्लेमिंगो जरूर बघा, त्यांना तो चिखल मानवतो, तुमच्या क्लाउनफिशला शहराचं सांडपाणी मानवणार नाही.

तीन दिवस लाइट बंद करून टँकला काळं कापड गुंडाळायचा उपाय नुसता केला तर डायनो परत येतात. यूव्हीबरोबर (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवून पेशी मारणारं यंत्र) केला तर उपयोगी, पण तोही प्रकार बघून. पोरांचा शाळेतला मायक्रोस्कोप ४०० पटपर्यंत दाखवत असेल तर पुरे. थेंबासारख्या आकाराच्या पेशी एका जागी गोल गोल फिरताना दिसल्या तर ऑस्ट्रिऑप्सिस, ते रात्री पाण्यात सुटतात म्हणून यूव्हीत सापडतात. चपट्या, लंबगोल, सरपटत जाणाऱ्या असतील तर अँफिडिनियम, ते रेती सोडत नाहीत, यूव्हीवर पैसे घालवू नका. गंमत म्हणजे अँफिडिनियमवर चालणारा एक उपाय आहे मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवायचा, म्हणजे ज्याच्या नावाने सगळे ओरडतात त्यालाच रेतीवर बसवून यांना हाकलायचं.

मधेच काचेवर हिरवं यायला लागलं तर ते चांगलं लक्षण आहे, लगेच जीएफओची पिशवी परत लटकवू नका. हेअर अल्गी टूथब्रशने निघते.