लाल दिसत नाही, तरी लाल-हिरव्याची कड दिसते

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खोल गावच्या लाल मिरच्यांशेजारी हिरव्या मिरच्यांचा ढीग आहे. मेंदूच्या मागच्या भागात, खालच्या बाजूला पक्षाघात झालेल्या माणसाला हे दोन्ही ढीग राखाडी दिसू शकतात. डोळे शाबूत असतात, पडद्यावरच्या, रंग टिपणाऱ्या तिन्ही प्रकारच्या शंकुपेशीही काम करतात. लुई व्हेरे या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८८८ साली अशा रुग्णाची नोंद केली होती. जन्मजात रंगांधळेपणात बहुधा लाल-हिरव्याचा घोळ होतो. इथे सगळेच रंग उडतात, कधी फक्त अर्ध्या दृश्यातले.

हेवूड, कौवी आणि न्यूकम या संशोधकांनी १९९१ मध्ये अशाच एका रुग्णाची तपासणी केली. रंगछटांच्या छोट्या चकत्या क्रमाने लावणे त्याला जमत नव्हते. पण सारख्याच तेजाचे दोन रंग एकमेकांना खेटून ठेवले की मधली कड त्याला दिसे. मध्ये फट सोडली की कड गायब. म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीतला फरक मेंदूपर्यंत पोचत होता, त्याचा 'रंग' मात्र होत नव्हता.

मेंदूतले दृष्टीचे पहिले केंद्रच एका बाजूला निकामी झाले, तर दृश्याच्या विरुद्ध बाजूचे काहीच दिसत नाही. तरीही १९८९ मध्ये श्टोरिग आणि कौवी यांना अशा आंधळ्या भागातही तरंगलांबीची संवेदना आढळली, सामान्यापेक्षा बरीच क्षीण. अशा तपासणीत नजर एका बिंदूवर खिळवून आंधळ्या भागात ठिपका दाखवतात आणि विचारतात, "लाल की हिरवा? अंदाजाने सांगा." निव्वळ नशिबाने १०० पैकी सुमारे ५० उत्तरे बरोबर येतील. त्याहून बरीच जास्त आली तरी हुरळून जाऊ नये. लाल ठिपका जरा उजळ असला तर रुग्ण रंग नव्हे, उजेड ओळखतो. म्हणून दर वेळी तेज खालीवर करावे लागते. प्रकाश डोळ्यात विखुरून चांगल्या भागावरही पडतो. त्यासाठी तोच ठिपका नैसर्गिक अंधबिंदूवर, नजरेपासून कानाकडे सुमारे १५ अंशांवर दाखवतात. तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नसते. तिथेही उत्तरे बरोबर येत असतील, तर मांडणीच चुकलेली आहे.

घरात या 'अंदाजा'वर विसंबता येत नाही. गोळ्यांच्या डब्यांवर ठळक काळी अक्षरे हवीत, आणि मानकुराद आंबा पिकला की नाही ते वासानेच ठरवावे.