क्लाउडच्या प्रस्तावामागचा हिशेब कसा घडत गेला

पुण्यातील एखाद्या मध्यम उद्योगाच्या संचालकांपुढे संगणकीय व्यवस्था क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, नेण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा चर्चा बहुधा एकाच तुलनेपाशी अडते: नवा सर्व्हर (कंपनीची माहिती व प्रणाली सांभाळणारा मध्यवर्ती संगणक) विकत घ्यावा की दरमहा भाडे भरावे? ही तुलना फार अपुरी आहे आणि ती तशी का उरली, हे मागील काही दशकांकडे पाहिल्यावर उलगडते.

संगणनशक्ती वीज किंवा दूरध्वनीप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून पुरवली जाईल, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्येच अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या शताब्दी समारंभात मांडली होती. तेव्हा संगणक इतके महाग होते, की एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरणे भाग होते. पुढे यंत्रे स्वस्त झाली, प्रत्येक कंपनीने आपापली सर्व्हर रूम थाटली आणि ही कल्पना मागे पडली. ॲमेझॉनने 2006 मध्ये एस3 ही साठवण सेवा व ईसी2 ही संगणन सेवा सुरू केली, तेव्हा ती कल्पना नव्या रूपात परतली.

त्याच 2006 साली पुणे मात्र भारनियमनाशी झुंजत होते. वीज कमी पडे त्या वेळी उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून ग्रिडवरील भार हलका करायचा आणि त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांकडून आकारातून वसूल करायचा, अशी योजना येथे अमलात आली व ती ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखली गेली. अशा परिस्थितीत स्वतःचा सर्व्हर ठेवणे म्हणजे यूपीएस, बॅटऱ्या, डिझेल, वातानुकूलन आणि देखभालीची माणसे हे सारे सांभाळणे होते. हे खर्च वीजबिलात, इमारतीच्या देखभालीत आणि पगारांत विखुरलेले असल्यामुळे सर्व्हरच्या किमतीशेजारी ते क्वचितच मांडले जातात, आणि माझ्या मते प्रस्तावातील सर्वांत मोठी उणीव हीच असते.

दरम्यान परिस्थिती वेगाने बदलली. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे डेटा सेंटर सुरू केली आणि 2016 मध्ये ॲमेझॉनही मुंबईत आले, त्यामुळे माहिती देशाबाहेर जाते हा आक्षेप बराच सौम्य झाला. पेमेंटविषयीची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा 2018 चा आदेश पाळणेही त्यामुळे सोपे झाले. करांच्या बाजूने पाहता, संगणकावरील आयकर घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येतो त्याचा, दर 2017-18 पासून 60 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला. यंत्राची किंमत घसाऱ्यातून वसूल व्हायला अधिक वर्षे लागू लागली, तर क्लाउडचे मासिक बिल त्याच वर्षीचा महसुली खर्च म्हणून दाखवता येते.

तरीही क्लाउड स्वस्तच पडतो, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. लोकांच्या फाइल ऑनलाइन साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीने प्रारंभी ॲमेझॉनची साठवण वापरली, पण संगणकीय भार अवाढव्य आणि बऱ्यापैकी स्थिर झाल्यावर बहुतांश माहिती स्वतःच्या यंत्रणेवर हलवली. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या कंपनीचा सुमारे 7.5 कोटी डॉलरचा खर्च वाचला. भोसरी किंवा चाकणमधील सुट्या भागांच्या कारखान्याचा भार मात्र बहुधा तसा नसतो: महिनाअखेरीस, जीएसटी विवरणपत्राच्या तारखेच्या आसपास आणि वार्षिक लेखापरीक्षणाच्या काळात तो चढतो, एरवी उतरतो. म्हणूनच आधी काही महिने प्रत्यक्ष वापर मोजावा आणि मगच आकडे मांडावेत.

बाहेर पडण्याच्या खर्चाचाही या हिशेबात समावेश हवा. सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून माहिती बाहेर नेण्याचे शुल्क न आकारण्याची घोषणा गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी 2024 मध्ये केली. रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या माहितीवरील आकारणी मात्र त्यामुळे संपलेली नाही, आणि प्रस्तावात तिची स्वतंत्र ओळ असणे आवश्यक आहे.