फिटच्या गोळ्या आणि डुलणारी चाल

खानापूर तालुक्यात आमच्या नात्यातले एक काका आहेत. वर्षभर गावात त्यांच्याबद्दल 'सकाळीच टाकून येतात' अशी कुजबुज होती. पाय फाकून चालायचे, जीभ जड व्हायची, बशी धरली की चहा सांडायचा. वास्तविक काका दारूला शिवत नाहीत. फिटची गोळी मात्र वीस वर्षं चालू. एका डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढे पेन आडवं नेलं, तेव्हा कडेला गेलेली बुबुळं थरथरू लागली. मग रक्तातल्या औषधाची तपासणी झाली आणि उलगडा झाला.

अपस्मारावरचं, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरचं औषध मेंदूच्या पेशींचा अतिरेकी विद्युत-गोंधळ शांत करतं. तो शांत करताना तोल, नजर, स्मरण आणि स्वभाव यांनाही ते थोडंफार धक्का लावतं. हे आजचं नाही. 1857 साली लंडनच्या डॉक्टर चार्ल्स लोकॉकने ब्रोमाइड या क्षाराचा फिटवर उपयोग सांगितला. फिट कमी झाल्या, पण ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडत असल्यामुळे साठत जाई. माणूस मंद होई, कुणाला भ्रम होत, अंगावर पुरळ उठे. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमानने फिनोबार्बिटल आणलं. ते स्वस्त आहे, अजून वापरात आहे. मोठ्यांना सुस्ती येते, काही लहान मुलं उलट एका जागी ठरत नाहीत. शाळेत मास्तर म्हणणार, पोरगं वांड झालंय.

गुंगी न आणता फिट थांबवणारं काही मिळेल का, हा प्रश्न अमेरिकेत मेरिट आणि पुटनम या डॉक्टरांनी धरला. मांजरांना विजेचा झटका देऊन त्यांनी एकामागून एक रसायनं तपासली. त्यातून 1938 मध्ये फेनिटॉइन पुढे आलं. हे रसायन 1908 पासून बनवता येत होतं, फक्त त्याचा हा उपयोग कुणाला माहीत नव्हता. झोप कमी आणि परिणाम चांगला, म्हणून ते जगभर पसरलं. आपल्या कर्नाटकातही, डॉ. के. एस. मणी यांच्या येळंदूर इथल्या कामात (2001 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या) गावच्या रुग्णांना फिनोबार्बिटल नाहीतर फेनिटॉइनच देण्यात आलं होतं.

पण फेनिटॉइनची एक खोड आहे. यकृतातलं ते पचवणारं विकर (एन्झाइम) लवकर भरून जातं, म्हणजे त्याची ताकद संपते. मग डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. दिवसाला 300 मिलिग्रॅमवर बरा असलेला माणूस 400 वर डुलू लागू शकतो. साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही ठीक पातळी. वीसच्या वर बुबुळं थरथरतात, तिसाच्या वर चाल बिघडते, चाळिसाच्या वर गुंगी येते. वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर तोल सांभाळणारा लहान मेंदू झिजू शकतो. हिरड्या वाढतात ते वेगळंच.

गोळीत औषधासोबत नुसती भर म्हणून घातलेली पूडही घात करू शकते, हे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला 1968 मध्ये दिसलं. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज (दुधातली साखर) घातल्यावर औषध जास्त शोषलं गेलं आणि डोस तोच असताना रुग्णांना विषबाधा झाली.

नंतरच्या औषधांची कुरकुर निराळी. कार्बामाझेपिनने एकाचे दोन दिसतात. व्हॅल्प्रोएटने हात कापतो, आणि गरोदरपणी घेतलं तर बाळाच्या वाढत्या मेंदूला धोका असतो. लेव्हेटिरासिटामने चिडचिड होते आणि घरची माणसं म्हणतात, हल्ली फार तापट झालाय. यातलं काही दिसलं तरी गोळी एकाएकी बंद करायची नाही. तसं केल्याने लागोपाठ फिट येऊन जीव धोक्यात येतो.

आता सीमाभागाची गोष्ट. खानापूरचा माणूस बेळगावला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, अथणीचा मिरजेला. लग्नकार्याला नातेवाइकाकडे गेला की तिथलाही डॉक्टर दाखवून येतो. फाइली दोन, चिठ्ठ्या दोन. काकांचंही तसंच झालं होतं. लेकीकडे कोल्हापूरला नवी चिठ्ठी मिळाली, बेळगावची जुनी चालूच राहिली. मुलाने दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. एकावर एप्टॉइन, दुसऱ्यावर डायलँटिन. खालच्या बारीक अक्षरात दोन्हीकडे तेच: फेनिटॉइन सोडियम.

डॉक्टरांनी हिशेब लावून डोस हळूहळू कमी केला. काका आता सरळ चालतात. वळताना मात्र भिंतीला हात लावतात.