भरतीरेषा : मुंबईच्या किनाऱ्यावरील वादाची पार्श्वभूमी

मुंबईत सीआरझेडवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या किनारी नियमन क्षेत्रावरून, होणारे बहुतेक वाद भरतीरेषेपाशी येऊन ठेपतात. किनाऱ्यावरील निर्बंधांचे अंतर याच रेषेपासून मोजायचे असल्याने, ती नकाशावर थोडी जरी समुद्राकडे सरकली तरी जमिनीचा तेवढा पट्टा निर्बंधातून सुटतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड बुजवली गेली तेव्हापासून नरिमन पॉइंटच्या भरावापर्यंत पाणी मागे हटवणे हाच या शहराचा रिवाज होता. त्याला पहिला ठळक अटकाव 1981 मध्ये झाला. तत्कालीन पंतप्रधानांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या पाण्यापासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्या पत्रामागे कायद्याचे बळ नव्हते. ते 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने दिले आणि त्याच्या आधारे 19 फेब्रुवारी 1991 रोजी सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली.

भरतीरेषा या शब्दाचा गुंता तिथूनच सुरू होतो. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती भरतीरेषा, अशी त्या व्याख्येची मूळ कल्पना आहे आणि ऐकताना ती सरळच वाटते. पण कोळीवाड्यात कोणालाही विचारावे, भरती एकसारखी नसते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी येते ते थोडक्यात परतते, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येते. उधाणाउधाणांतही फरक असतो. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर करावे लागतात, कारण त्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर शहराचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. मग जमिनीवर रेषा आखताना कोणते उधाण धरायचे? व्यवहारात ही आखणी उपग्रहचित्रे आणि जमिनीवरील खुणा पाहून होते. वाळूचा उंचवटा, पाण्याने सोडलेली खूण, तिवरांची जमिनीकडील कड आणि खाडीकाठचे बांध यांचा त्यात आधार घेतात. यांपैकी बांध माणसाने घातलेला असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागराच्या जुन्या बांधावर उभे राहिले म्हणजे हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. एका अंगाला खाडीचा चिखल, त्यातून बोटभर वर आलेली तिवरांची श्वसनमुळे आणि उधाणाने आणून टाकलेली प्लास्टिकची ओळ असते. दुसऱ्या अंगाला वाफे असतात आणि मधल्या उघाडीतून, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारातून, खारे पाणी आत घेतले जाते. उघाडी नादुरुस्त झाली की पाणी आपणहून आत शिरते आणि काही वर्षांत तिथेही तिवर उगवते. या जागेची भरतीरेषा बांधावर मानायची, की पाणी प्रत्यक्ष पोचते तिथे?

18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने बांधाच्या बाजूने कौल दिला. 1991 च्या अधिसूचनेपूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते. बांधाआड तिवर उगवले असेल तर तेवढ्या जागेला कडक संरक्षण मिळते, पण तिवर नसलेले वाफे या रेषेबाहेर राहतात. 2024 मध्ये पूर्व उपनगरांतील सुमारे 256 एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा हे कलम किती दूरवर पोचणारे होते ते अनेकांच्या लक्षात आले. घरे हवीत याबद्दल वाद नाही. मात्र पावसाचे आणि भरतीचे पाणी एकाच वेळी सामावणारी ही सखल जमीन आहे आणि नकाशावरील रेषेमुळे तिचा तो गुण बदलत नाही.

खाडीकाठच्या निर्बंधांच्या अंतराची कथाही अशीच आहे. 1991 मध्ये हे अंतर 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतील कमी असेल त्याहून खाली आणता येत नव्हते. 1994 च्या दुरुस्तीने ते 50 मीटरवर आणले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, कारण तिला पटण्याजोगे कारणच दिलेले नव्हते. 2019 मध्ये 50 मीटर पुन्हा आले. मिठी, ओशिवरा आणि ठाण्याची खाडी यांच्या काठावरील शहरासाठी या 50 मीटरचा अर्थ 26 जुलै 2005 नंतर तरी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची, म्हणजे तिवरांच्या वनांची, तोड थांबवली आणि त्यांच्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. 2018 मध्ये ती भूमिका अंतिम निकालात कायम झाली. पुढच्याच वर्षीच्या अधिसूचनेत मात्र 50 मीटरचा राखीव पट्टा 1,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनालाच लागू झाला. लहान तुकड्यांभोवती तो पट्टा या अधिसूचनेने ठेवला नाही, आणि मुंबईत तिवर अनेकदा अशा तुकड्यांतच तग धरून असते.

भरावाबाबत 2011 च्या अधिसूचनेत 2015 च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकण्याची वाट उघडली. सागरी किनारा मार्ग त्याच वाटेने आला. जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मार्च 2024 मध्ये पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला. वरळीच्या मच्छीमारांना होड्या सुखरूप नेण्यासाठी पुलाच्या दोन खांबांमध्ये 60 मीटरहून अधिक अंतर हवे होते आणि दीर्घ आंदोलनानंतर त्यांना 120 मीटर मिळाले.

2011 च्या अधिसूचनेत पूर, लाटा, धूप आणि समुद्राची वाढती पातळी लक्षात घेऊन आपत्तीरेषा नावाची आणखी एक रेषा आणली होती. 2019 मध्ये ती निर्बंधांपासून वेगळी काढून केवळ नियोजनाच्या उपयोगाची ठरवली गेली. मुंबईचे नवे किनारा आराखडे सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर झाले. आता परवानग्यांचा निर्णय त्यांतील भरतीरेषेवर होतो.