वधस्तंभ, विलाप आणि प्रायश्चित्त: पुरुषांच्या आघातोपचारामागची परंपरा

मानसिक आघात झालेल्या पुरुषांच्या समुपदेशनात ख्रिस्ती प्रतीकांना आज जागा मिळू लागली आहे. या वाटेची मुळे फार जुनी आहेत. ती शोधताना एक भेद ठळकपणे समोर येतो: आपल्यावर झालेला अत्याचार ही एक जखम, आपल्या हातून घडलेली हिंसा ही दुसरी. परंपरेत दोन्हींसाठी वेगवेगळी प्रतीके आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की उपचार बिघडतो.

आधी हातून घडलेल्या हिंसेबद्दल. चौथ्या शतकात कैसरियाचे (आजच्या तुर्कस्तानातले) बिशप बेसिल यांनी लिहिले की युद्धात शत्रूला मारणे हा खून नव्हे. तरीही असे हात निर्मळ नसल्याने त्या सैनिकांनी तीन वर्षे प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा पवित्र विधी) घेऊ नये. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्या १०६६च्या हेस्टिंग्सच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी तर हिशेबच आखून दिला. ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त. घायाळ केलेला जगला की मेला हे ठाऊक नसेल, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. संख्याच माहीत नसेल, तर बिशप ठरवतील त्याप्रमाणे आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस. हे नियम विजयी सैन्यासाठी होते, हे विशेष. त्यांचा हेतू उपचाराचा नव्हता, पण अपराधभावाला त्यांनी माप दिले, मुदत दिली आणि तो एकट्याने वाहायचा नाही हेही ठरवून दिले. आज ‘नैतिक जखम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याच मूल्यांविरुद्ध वागल्याच्या वेदनेत नेमकी याच तीन गोष्टींची उणीव असते.

सोसलेल्या जखमेची परंपरा निराळी आहे. १५१२ ते १५१६च्या सुमारास मथियास ग्रूनेवाल्ड यांनी इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र (वेदीमागचे उघडझाप होणाऱ्या फळ्यांचे चित्र) रंगवले. तिथे ‘संत अँथनीचा अग्नी’ या रोगाच्या रुग्णांची सेवा होई. राय धान्यावरच्या बुरशीच्या विषाने त्यांचे अवयव काळे पडून झडत. चित्रातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या अंगभर फोड आहेत, त्वचा हिरवट पडली आहे. फळ्या उघडल्या की पुनरुत्थान दिसते, आणि त्या तेजस्वी देहावरही खिळ्यांचे व्रण आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातही उठलेला येशू थोमाला व्रणच दाखवतो. ‘पुरुषाने जखम लपवावी’ असे ऐकत वाढलेल्या माणसासाठी हे चित्र फार मोलाचे आहे, कारण इथे व्रण दिसल्याने मान कमी होत नाही.

विसाव्या शतकात हे धागे रुग्णालयात पोहोचले. १९१५मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी सैनिकांच्या ‘शेल शॉक’वर, म्हणजे युद्धात बसलेल्या मानसिक धक्क्यावर, लेख लिहिला. १९२५मध्ये धर्मोपदेशक अँटन बॉयसन यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. काही वर्षांपूर्वी ते स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल होते. १९८०मध्ये पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) हे निदान मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आले. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची साधारण बारा सत्रांची विचारप्रक्रिया थेरपी रूढ झाली. तिच्यात रुग्ण आघाताचा अर्थ लिहून काढतो आणि ‘चूक माझीच’ यासारखे अडकलेले विचार तपासतो.

प्रतीक येते ते याच जागी, पण स्थैर्य आल्यावर. झोप, दारू, संताप आणि आत्महत्येचे विचार यांची विचारपूस आधी होते. मग प्रतीक निवडतो तो पुरुष स्वतः. थेरपिस्टने ते हातात ठेवायचे नसते. अत्याचार सोसलेल्याला बायबलमधल्या विलापस्तोत्राचा, म्हणजे देवापुढे दुःख मांडणाऱ्या गीताचा, साचा उपयोगी पडतो: देवाला हाक, तक्रार, मागणी, आणि शेवटी विश्वासाचे वळण. हे शेवटचे वळण आले नाही तर ते ओढून आणू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे. लिहिलेले मोठ्याने वाचायचे, वाचताना शरीरात काय होते ते सांगायचे. श्वास अडकला, बधिरता आली तर थांबून पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायची.

बिघाड बहुधा घाईतून होतो. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या पुरुषाला पापांगीकाराकडे (धर्मगुरूपुढे पापाची कबुली देण्याकडे) नेले, तर नसलेला अपराध त्याच्या माथी पक्का बसतो. त्याला विलापच हवा. उलट, हातून हिंसा घडलेल्या सैनिकाला ‘तुझा काहीच दोष नाही’ असे सांगितले की तो गप्प होतो, कारण आपण काय केले ते त्याला ठाऊक असते. त्याला कबुली ऐकणारा माणूस आणि शक्य तिथे भरपाईची ठोस कृती लागते. लवकर क्षमा करायला लावणे, ‘क्रूस वाहा’ म्हणून अत्याचारी घरात राहायला सांगणे, आठवण टाळण्यासाठी प्रार्थनेचा आडोसा घेऊ देणे, यांनीही नुकसानच होते. आणि अत्याचार करणारा धर्मगुरूच असेल, तर क्रूस, झगा, ‘पिता’ हा शब्द यांपैकी काहीही आघात जागा करू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: यातले काय खोलीत नको? आणि उत्तर येईल ते तसेच पाळावे.