दीड व्होल्टचा सेल फ्लॅशमध्ये का दमतो?

सोलापुरात लग्नसराई सुरू झाली की नवीन कॅमेरा घेतलेली पोरं हमखास विचारतात, "सर, फ्लॅशला सेल कुठले घालू?" दुकानात ऐकलेला सल्लाही लगेच पुढे करतात: "रिचार्जेबल नको म्हणे, ते १.२ व्होल्टचेच असतात. अल्कलाइन पूर्ण दीड व्होल्टचा." चार सेलचे ६ व्होल्ट विरुद्ध ४.८ व्होल्ट, म्हणजे हिशेब सरळच वाटतो. मंगल कार्यालयात मात्र उलटं घडतं. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, हार घालताना नवरदेवाला मित्र उचलून धरतात. सगळं काही सेकंदांत उरकतं आणि अल्कलाइनवाल्याच्या फ्लॅशचा 'तयार' सांगणारा लाल दिवा अजून लागलेलाच नसतो.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या मोठ्या फ्लॅशच्या पोटात वीज साठवणारा, साधारण १००० मायक्रोफॅरड क्षमतेचा कपॅसिटर असतो. तो सुमारे ३३० व्होल्टपर्यंत भरावा लागतो. ½CV² मध्ये (C म्हणजे कपॅसिटरची क्षमता, V म्हणजे व्होल्टेज) आकडे घातले की ऊर्जा येते ५४ ज्यूल. पूर्ण ताकदीचा फ्लॅश ती झेनॉनच्या नळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास रिती करतो, म्हणजे तेवढ्यापुरती ५० किलोवॉटच्या घरातली शक्ती. एवढी झेप पेन्सिल सेलच्या आवाक्यातली नाही. सेलचं काम दोन फ्लॅशच्या मधलं, कपॅसिटर पुन्हा भरण्याचं. त्यासाठी आतलं सर्किट सेलच्या ५-६ व्होल्टचे ३३० करतं (फ्लॅश सुरू केल्यावर ऐकू येणारी बारीक 'टुंईं' त्याचीच). त्यात एक तृतीयांश ऊर्जा वाया गेली असं धरलं, तर प्रत्येक फ्लॅशमागे सेलकडून ८० ज्यूल हवेत. व्होल्टेज सर्किट वाढवूनच घेतं, त्यामुळे ४.८ की ६ हा वाद इथेच संपतो. खरा प्रश्न, हे ८० ज्यूल किती सेकंदांत मिळणार?

इथे ओहमचा नियम आठवा. प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, असतो. ताज्या अल्कलाइनचा ०.२ ओहम धरू, चारांचा मिळून ०.८. बाहेरचा रोध आतल्या रोधाएवढा असतो तेव्हा जास्तीत जास्त शक्ती बाहेर पडते आणि ती V²/4R इतकी (R म्हणजे आतला रोध), म्हणजे ३६ भागिले ३.२, साधारण ११ वॉट. यापुढे कितीही ओढा, मिळत नाही. उलट तेवढेच ११ वॉट सेलच्या आत उष्णता होऊन जातात, म्हणून फ्लॅशमधून काढलेले सेल हाताला चटका देतात. ८० ज्यूलला सात सेकंद लागले. आता निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपले रिचार्जेबल: एकाचा रोध ०.०३, चारांचा ०.१२ ओहम. ५ अँपिअर ओढले तरी जेमतेम ०.६ व्होल्ट आत मुरतात, उरलेल्या ४.२ व्होल्टवर २१ वॉट मिळतात. काम चार सेकंदांत. शिवाय अल्कलाइन वापरात जुना होतो तसा त्याचा रोध वाढत जातो. रिचार्जेबल जवळजवळ शेवटपर्यंत तोच वेग धरून असतो.

एवढा फरक कशाने? दोन्हींत द्रव तोच, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. फरक रचनेत आहे. अल्कलाइनमध्ये मधोमध जस्ताचा लगदा आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडचं जाड कडं. आयनांना, म्हणजे द्रवातल्या विद्युतभारित कणांना, या जाडीतून वाट काढावी लागते आणि दोघांच्या भेटीची जागा थोडी. रिचार्जेबलमध्ये दोन पातळ पट्ट्या, मध्ये विभाजक, आणि सगळं सोलापुरी चादरीच्या वळकटीसारखं घट्ट गुंडाळलेलं. क्षेत्रफळ कितीतरी जास्त, अंतर केसभर.

रेडिओचे सेल उन्हात वाळवून पुन्हा घालायची आपल्याकडची जुनी सवय याच रोधाशी खेळायची. ऊब मिळाली की आयन चपळ होतात, रोध घटतो, आवाज थोडा वेळ परत येतो. सेलमध्ये नवीन ऊर्जा काही भरत नाही.

रोध सेलबाहेरही असतो. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा जरूर करा, पण सेलच्या टोकांना हळदकुंकू लावू नका. तिथे ०.१ ओहम वाढला तरी वर काढलेलं गणित बिघडतं, आणि त्यावर उतारा म्हणून बॅगेला बांधलेलं लिंबू-मिरची काही करत नाही. टोकं कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

खरेदी करताना वेष्टनावरचे फुगवलेले आकडे बघू नका. या आकाराच्या सेलमध्ये २८०० मिलीअँपिअर-तासांपलीकडे फारसं जाता येत नाही. ४००० छापलेला दिसला की ठेवून द्या. २००० चे, नुसते पडून राहिले तरी चार्ज फारसा न गमावणारे सेल बरे. अशा जातीचे एनेलूप सॅन्योने २००५ मध्ये आणले, आता ते पॅनासोनिकचे. चारचा संच एकत्र ठेवा, जुने-नवे मिसळू नका. दिसायला तसाच असणारा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मात्र चुकूनही घालू नका. चारांचे १५ व्होल्ट होतात आणि फ्लॅश जळतो. रोजचं लग्नाचं काम असेल तर स्वतःची लिथियम-आयन बॅटरी असलेला फ्लॅशच घ्या, तो पूर्ण ताकदीलाही दीड-दोन सेकंदांत भरतो.

वेगाचीही किंमत असते. मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, पत्र्याच्या मांडवाखाली पूर्ण ताकदीचे फ्लॅश धडाधड मारले की नळी आणि पुढची काच तापते. चांगला फ्लॅश मग स्वतःच थांबतो, साधा वितळतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ४०० ऐवजी १६०० ठेवलात तर तेवढ्याच उजेडाला पाव ताकद पुरते: ८० ऐवजी २० ज्यूल, आणि रिचार्जेबलवर लाल दिवा सेकंदाभरात परत.